‘चीट’ या क्रियापदाची कुळकथा आणि झाशीचा दत्तक

प्रशासनात काही वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट हळूहळू उमगते. सरकारी अन्यायाची सुरुवात पुष्कळदा क्रियापदापासून होते. फाइलीतील टिप्पणी वाचावी : ‘निधी व्यपगत झाला’, ‘हक्क संपुष्टात आला’, ‘जमीन शासनजमा झाली’. तिन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत आणि तिन्हींत कोणी काही केलेले नाही. निधी स्वतःच गेला, हक्क आपोआप मावळला, जमीन चालत सरकारात आली. ज्याने वेळेत सही केली नाही, ज्याने नोटीस पाठवली नाही, ज्याने वारसाचा अर्ज दोन वर्षे कपाटात ठेवला, तो वाक्यातून अदृश्य झालेला असतो. कर्ता वाक्यातून गेला की त्याच्यामागून जबाबदारीही जाते.

ही भाषा आपल्याकडे आली कोठून, हे शोधू गेल्यास वाट इंग्रजी राजवटीतून थेट मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जाते. त्या वाटेवर एक जुने इंग्रजी क्रियापद भेटते. ते क्रियापद ‘चीट’. आज त्याचा अर्थ शाळकरी मुलालाही ठाऊक आहे : फसवणे, लबाडी करणे. पण हा शब्द चोरांच्या किंवा जुगाऱ्यांच्या अड्ड्यावर जन्मला नाही. तो जन्मला महसूल खात्यात.

मूळ शब्द ‘एस्चीट’. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘कादेरे’ म्हणजे पडणे हा धातू आहे. जे गळून पडते ते एस्चीट. नॉर्मन काळापासूनच्या इंग्लंडमध्ये जमीन राजाची आणि बाकीचे सारे तिचे धारक, अशी व्यवस्था होती. धारक निर्वंश मेला, किंवा गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरला, की त्याची जमीन फांदीवरून फळ पडावे तशी ज्याच्याकडून ती धारण केली होती त्या वरिष्ठाकडे, आणि अखेर राजाकडे, परत पडते अशी कल्पना होती. पडलेले फळ गोळा करण्यासाठी राजाने अधिकारी नेमले. त्यांना ‘एस्चीटर’ म्हणत. राजाचा धारक वारला की एस्चीटरने पंच बोलवायचे, मयताकडे किती जमीन होती, ती कशी धारण केली होती, वारस कोण, त्याचे वय काय, याची चौकशी करायची आणि अहवाल पाठवायचा. आपल्या तलाठ्याच्या वारस-चौकशीचे हे थोरले भावंडच म्हणायचे.

व्यवस्था कागदावर वाईट नव्हती. पण ज्या अधिकाऱ्याच्या ‘वारस नाही’ या दोन शब्दांवर कोणाची जमीन जाणार की राहणार हे ठरते, त्याच्या हाती किती मोठा मोह असतो हे सांगायला नको. वारस असताना नाही म्हणावे, सज्ञानाला अज्ञान ठरवावे, चौकशीपूर्वीच ताबा घ्यावा, आणि मग सोडवणुकीसाठी पैसे मोजायला लावावे, असे प्रकार वाढले. तक्रारी इतक्या झाल्या की इंग्रजी संसदेला या पदावर पुनःपुन्हा कायदे करावे लागले. १३४० च्या कायद्याने तर एस्चीटरला पदावर एक वर्षाहून अधिक ठेवू नये असे ठरवले. बदल्यांचा इलाजही किती जुना आहे पाहा.

लोकांनी मात्र आपला न्याय भाषेत केला. बोलताना शब्दाचे पहिले अक्षर गळाले आणि ‘चीट’ उरले. आधी त्याचा अर्थ ‘सरकारजमा झालेली मालमत्ता’ एवढाच होता. पुढे ‘लबाडीने मिळवलेली वस्तू’ असा झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘चीट करणे’ म्हणजे सरळसरळ फसवणे. शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या नाटकात फॉलस्टाफ या शब्दावर कोटी करतो. ती कोटी प्रेक्षकांना कळायची, कारण तेव्हा दोन्ही अर्थ जिवंत होते. एका सरकारी हुद्द्याचे नाव फसवणुकीचे नाव व्हावे, यापेक्षा कडक गोपनीय अहवाल कोणत्याही खात्याला कधी मिळाला नसेल.

याच कुळातला दुसरा शब्द ‘लॅप्स’. त्याचे मूळही लॅटिनमध्येच, आणि अर्थही पडण्याचाच : घसरणे, निसटणे. इसवी सन २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने सर्वांनी देवतांना आहुती द्यावी असे फर्मान काढले. जे ख्रिस्ती छळाच्या भीतीने वाकले त्यांना चर्चने ‘लॅप्सी’ म्हणजे पतित म्हटले. त्यांच्यात असेही लोक होते की ज्यांनी आहुती दिलीच नाही, फक्त दिल्याचा दाखला मिळवला. दाखला आणि वस्तुस्थिती यांची फारकत अशी प्राचीन आहे. पुढे इंग्रजीत ‘लॅप्स’ म्हणजे पापात घसरणे, चुकणे, कर्तव्यापासून ढळणे असा अर्थ रूढ झाला. म्हणजे मुळात हा शब्द चूक करणाऱ्याला लागतो. ज्याचे काही हिरावले गेले त्याला तो लागत नाही.

कायद्यातही तसेच होते. इंग्लंडमध्ये एखाद्या चर्चवर धर्मोपदेशक सुचवण्याचा अधिकार स्थानिक आश्रयदात्याला असे. जागा रिकामी झाल्यावर सहा महिन्यांत त्याने नाव दिले नाही, तर तो अधिकार ‘लॅप्स’ होऊन बिशपकडे जाई. ज्याने हयगय केली त्याचाच हक्क गेला. यात तक्रारीला जागा नाही. पण ब्लॅकस्टनने १७६५ ते १७६९ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याची एक महत्त्वाची मर्यादा नोंदवली आहे. आश्रयदात्याने वेळेत नाव दिले आणि बिशपने योग्य कारण न देता ते नाकारले, तर बिशपला ‘लॅप्स’चा लाभ मिळत नाही, कारण आपल्याच चुकीचा फायदा कोणालाही घेता येऊ नये. ब्लॅकस्टनचे ग्रंथ त्या काळी प्रत्येक इंग्रज वकिलाच्या टेबलावर असत. हे तत्त्व घेऊन आता झाशीला जाऊ.

झाशीचे नेवाळकर घराणे कोकणातले. पेशव्यांच्या वतीने सुभेदार म्हणून ते बुंदेलखंडात आले. जून १८१७ च्या पुणे करारान्वये पेशव्यांनी बुंदेलखंडातील आपले हक्क कंपनीला दिले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने रामचंद्ररावांशी स्वतंत्र करार करून झाशीचे राज्य त्यांना, त्यांच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना वंशपरंपरेने मान्य केले. १८३२ साली त्यांना ‘राजा’ हा किताबही दिला. रामचंद्ररावांच्या नंतर रघुनाथराव आणि मग गंगाधरराव गादीवर आले.

गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी कुळातला पाच वर्षांचा आनंदराव हा मुलगा शास्त्रोक्त विधीने दत्तक घेतला आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. हे काही चोरून झाले नाही. मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन हे कंपनीचे दोन अधिकारी बोलावले गेले, आणि दत्तक मान्य करावा, राणीच्या हयातीत कारभार तिच्याकडे राहावा, अशा विनंतीचा खलिता राजाने एलिस यांच्या हवाली केला. ब्लॅकस्टनच्या भाषेत सांगायचे तर आश्रयदात्याने मुदतीत, साक्षीदारांसमक्ष, लेखी नाव दिले. हयगय कोठेच नव्हती.

२७ फेब्रुवारी १८५४ रोजी गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीने आपल्या टिपणात झाशी ‘लॅप्स’ झाल्याचे ठरवले. मार्चमध्ये राणीला तसे कळवण्यात आले.

आता व्याकरण पाहावे. नाव देणाऱ्याने दिले. नाकारणाऱ्याने नाकारले. नाकारण्याचा लाभ नाकारणाऱ्यालाच झाला. आणि या सर्व व्यवहाराला जो शब्द लावला गेला त्यात नाकारणारा कोठेच नाही. राज्य जणू स्वतःच घसरून कलकत्त्याच्या मांडीवर येऊन पडले. आपल्याकडे ‘पडत्या फळाची आज्ञा’ म्हणतात. इथे फळ पडलेही नव्हते. फांदी हलवणाऱ्यानेच वाऱ्याचे नाव सांगितले.

डलहौसीची बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर आपला वाद पोकळ ठरेल. तो म्हणत होता की झाशी सार्वभौम राज्य नव्हते. पेशव्यांच्या सुभेदाराला कंपनीने दिलेली ती देणगी होती. सार्वभौम हिंदू राजे आणि सरकारी देणगीवर राज्य करणारे सरदार यांच्यात चार्ल्स मेटकाफने १८३७ साली केलेला भेद त्याने आधाराला घेतला. १८३५ साली रामचंद्ररावांच्या दत्तकालाही मान्यता मिळाली नव्हती, हा दाखला दिला. झाशीचा मुलूख इंग्रजी जिल्ह्यांच्या मधोमध असल्याने तो घेतल्यास कारभार सुधारेल, असेही त्याने लिहिले.

यातील पहिला मुद्दा कराराच्या शब्दांवर आपटतो. देणगी म्हणा वा आणखी काही, ती ‘वंशपरंपरेने’ मान्य केली होती. दुसरा मुद्दा अर्धसत्य आहे. १८३५ मध्ये दत्तक बाजूला ठेवला गेला हे खरे, पण राज्य तेव्हा घराण्यातल्याच रघुनाथरावांना मिळाले. तेव्हा प्रश्न होता अनेक दावेदारांतून कोणाला निवडायचे, आणि १८५४ मध्ये प्रश्न झाला की कोणाला निवडायचेच नाही. पहिल्याचा दाखला दुसऱ्याला लागत नाही. शिवाय एलिस यांनीच कळवले होते की शेजारच्या ओरछ्याशी झालेल्या करारात आणि झाशीच्या करारात त्यांना फरक दिसत नाही. आणि ओरछ्याचा दत्तक कंपनीने मान्य केला होता. तिसरा मुद्दा, कारभार सुधारण्याचा, हा प्रत्येक काळातील प्रशासकाचा आवडता मुद्दा आहे. ‘आम्ही चांगले चालवू’ हे मालकीचे कारण होऊ लागले तर कोणाचेच घर सुरक्षित राहणार नाही.

राणी लक्ष्मीबाईंचे शौर्य आपण शाळेपासून ऐकत आलो. त्यांच्या अर्जांविषयी मात्र फार थोडे बोलले जाते, आणि प्रशासकाच्या दृष्टीने ते अर्ज तलवारीइतकेच तेजस्वी आहेत. १८१७ च्या कराराच्या फारसी मसुद्यातील ‘वारिसान’ आणि ‘जानशीनान’ या दोन शब्दांवर त्यांनी बोट ठेवले. हे दोन शब्द समानार्थी नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. वारिस म्हणजे रक्ताचा वारस. जानशीन म्हणजे जागी बसणारा, उत्तराधिकारी, आणि त्यात दत्तक येतो. करारात दोन वेगळे शब्द घातले असतील तर दोन वेगळे अर्थ अभिप्रेत असले पाहिजेत. कोणत्याही उच्च न्यायालयात आजही मान्य होईल असा हा अर्थनिर्णयाचा नियम आहे. दतिया आणि ओरछा येथील दत्तकांचे दाखलेही त्यांनी दिले. जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला. अर्जामागून अर्ज गेले, उत्तर बदलले नाही.

सर्वांत बोलकी गोष्ट पुढेच आहे. गंगाधररावांच्या खासगी संपत्तीपुरता दामोदररावांचा दत्तक सरकारने मान्य केला. राज्यापुरता अमान्य केला. एकच विधी, एकच मुलगा, एकच बाप. दागिन्यांसाठी तो पुत्र आणि गादीसाठी परका. एवढ्यावर भागले नाही. राणीला महिना पाच हजार रुपयांचा तनखा ठरवला आणि त्यातूनच दिवंगत राजाची कर्जे फेडावीत असा आग्रह धरला. राज्य घेताना सरकार शेवटचा वारस झाले. कर्ज फेडायची वेळ आली तेव्हा विधवा वारस झाली.

सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर १८५४ मध्ये याच वाटेने गेले. साताऱ्याच्या छत्रपतींची कैफियत घेऊन रंगो बापूजी चौदा वर्षे लंडनमध्ये दारोदार फिरले होते. त्यांनाही शब्दांचेच उत्तर मिळाले. मराठी घराण्यांची तीन राज्ये सहा वर्षांत ‘घसरून पडली’. इतिहासात एवढा अपघातप्रवण काळ दुसरा सापडणार नाही.

गंमत अशी की याच सुमारास इंग्रजी भाषा आपल्याकडून दुष्कृत्याचे शब्द भराभर उचलत होती. ‘लूट’ त्यांनी हिंदुस्थानातून नेला. ‘ठग’ हा शब्द स्लीमनच्या मोहिमेमुळे आणि त्यावरच्या पुस्तकांमुळे इंग्रजीत घराघरांत पोचला. दुसऱ्यांच्या कृत्यांसाठी आपल्याकडचे शब्द आणि स्वतःच्या कृत्यांसाठी लॅटिन. १८६० साली भारतीय दंडसंहिता आली. तिच्या ४१५ व्या कलमात फसवणुकीची व्याख्या झाली आणि ४२० व्या कलमाने भारतीय भाषांना ‘चारसोबीस’ हा नवा शब्द दिला. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम आले, तरी ‘चारसोबीस’ लोकांच्या तोंडून जाईल असे वाटत नाही. झाशीनंतर सहाच वर्षांनी ‘चीटिंग’ला शिक्षा ठरवणाऱ्या त्या कायदेकारांना, या शब्दाचा आजा सरकारी एस्चीटर होता, याची आठवण झाली असेल का?

येथे मराठीला मात्र श्रेय द्यावे लागेल. आपल्या पूर्वजांनी ‘लॅप्स’चे भाषांतर केले नाही. त्यांनी घटना पाहिली आणि तिला नाव दिले : ‘दत्तक नामंजूर’. नामंजूर म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो, कोणी केला? दुसरा शब्द ‘खालसा’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शुद्ध, निर्भेळ. मोगली कारभारात थेट बादशहाच्या वसुलीचा मुलूख तो खालसा. संस्थान ‘खालसा केले’ म्हणताना करणारा लागतोच. शाळेच्या पुस्तकातून ‘डलहौसीने संस्थाने खालसा केली’ हे वाक्य पाठ केलेल्या प्रत्येक मराठी मुलाने नकळत कर्त्यासह इतिहास पाठ केला आहे. राणीच्या तोंडी लोकस्मृतीने जे वाक्य जपले त्यातही क्रियापद ‘देणे’ आहे आणि कर्ता ‘मी’ आहे. सरकार म्हणाले, पडले. राणी म्हणाली, देणार नाही. दोन क्रियापदांचे ते युद्ध होते. तोफांचे युद्ध नंतर आले.

१८५७-५८ चा वणवा विझल्यावर इंग्रजांनीही हा शब्द मुकाट्याने मागे घेतला. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात संस्थानिकांशी झालेले करार पाळण्याची हमी आली, आणि पुढे कॅनिंगने दत्तकाचा अधिकार मान्य करणाऱ्या सनदा वाटल्या. दामोदररावांना मात्र झाशी मिळाली नाही. त्यांचे आयुष्य इंदूरला गेले आणि १९०६ साली ते तेथेच वारले. काळाने सूड घेतला तो याच क्रियापदाने : १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमात लिहिले आहे की संस्थानांवरील ब्रिटिश राजाचे अधिराज्य ‘लॅप्स’ होते. आणि वारस नसल्यामुळे होणारे ‘एस्चीट’ खुद्द इंग्लंडने १९२५ च्या कायद्याने मोडीत काढून त्याजागी बेवारस मालमत्तेचा वेगळा नियम आणला.

आपण काय केले? आपण हे दोन्ही शब्द ठेवले. राज्यघटनेच्या २९६ व्या कलमात ‘एस्चीट’ आणि ‘लॅप्स’ शेजारी शेजारी बसलेले आहेत. निर्वारस मालमत्ता कोणाकडे तरी जायलाच हवी, आणि ती शासनाकडे जावी यात गैर काही नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे २९ वे कलम तर झाशीच्या उलट वागते : शासन मालमत्ता घेईल, पण वारसावर जी देणी आणि दायित्वे आली असती त्यांच्यासह घेईल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या ३४ व्या कलमात ज्ञात वारस नसलेल्या भोगवटादाराची जमीन जिल्हाधिकारी ताब्यात घेतो, एकेका वर्षाच्या पट्ट्याने देतो, आणि तीन वर्षांत दावेदार आला तर त्याची चौकशी होते. रामेश्वर आश्रम ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले की वारस नाही हे सिद्ध करण्याचा भार असे म्हणणाऱ्यावर आहे आणि जिल्हाधिकाऱ्याने स्वतःच निर्णय देऊन ताबा घेणे कायद्यात बसत नाही. एस्चीटरच्या दोन शब्दांवर सहाशे वर्षांनी बसलेला हा लगाम आहे.

म्हणजे कायदा सुधारला. टिप्पणीची भाषा सुधारली नाही, आणि माझे भांडण तिच्याशी आहे. ‘सदर खातेदार निर्वारस मयत असल्याने जमीन शासनजमा झाली’ हे वाक्य लिहायला अर्धा मिनिट लागतो. त्यापूर्वी गावात चौकशी झाली का, जाहीर नोटीस कोठे लागली, मयताचा मुलगा झाशीत, इंदुरात, बंगळुरात किंवा न्यू जर्सीत असेल तर त्याच्यापर्यंत ती कशी पोचणार होती, यातले काहीच त्या वाक्यात नसते. गावाबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला हे वाक्य सर्वांत जास्त लागते. आजोबांच्या नावाचा सातबारा आहे, वारस नोंद झालेली नाही, चुलत भावंडांचा संपर्क नाही, अशी घरे परप्रांतात आणि परदेशात असंख्य आहेत. त्यांची अनुपस्थिती म्हणजे अस्तित्वाचा अभाव नव्हे. ‘आढळून आला नाही’ आणि ‘नाही’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच चौकशी आणि फसवणूक यांत आहे.

कोणी म्हणेल, हा सारा शब्दच्छल आहे. शब्द बदलून कारभार बदलत नाही. मी म्हणतो, शब्द बदलला की प्रश्न बदलतो, आणि प्रश्न बदलला की कारभाराला उत्तर द्यावे लागते. ‘निधी ३१ मार्चला व्यपगत झाला’ या वाक्याला कोणी प्रश्न विचारत नाही. ‘अमुक अधिकाऱ्याने मंजुरी २९ मार्चला दिली, त्यामुळे निधी खर्च होऊ शकला नाही’ या वाक्याला दहा प्रश्न विचारता येतात. दुसरा आक्षेप असा की प्रत्येक ‘लॅप्स’ अन्यायी नसतो. अगदी बरोबर. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या १२७ व्या कलमाखाली, विहित मुदतीत आणि नंतर नोटीस देऊनही शासनाने जमीन संपादन केली नाही, तर तिच्यावरील आरक्षण व्यपगत होते. येथे हयगय शासनाची आणि हक्कही गेला शासनाचा. हा ब्लॅकस्टनचा नियम झाला. बँकेत दहा वर्षे पडून राहिलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते, पण ठेवीदाराचा वा त्याच्या वारसाचा हक्क कायम राहतो. ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अशा ठेवी शोधताही येतात. म्हणजे पैसा सांभाळणे आणि पैसा गिळणे यांतला फरक आपल्याला कळतो. फक्त तो सगळीकडे लावायची इच्छा हवी.

तेव्हा कसोटी सोपी आहे, आणि ती प्रत्येक लिपिकाला पाठ करता येईल. हक्क पडला असे लिहिण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. हयगय कोणाची होती? हक्क कोणाचा गेला? लाभ कोणाला झाला? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर एकच असेल तर तो न्याय्य ‘लॅप्स’. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नांचे उत्तर एकच असेल तर ती झाशी.

माझ्या मागण्याही तेवढ्याच साध्या आहेत. ज्या आदेशाने कोणाचा हक्क संपतो त्या आदेशात ‘व्यपगत झाले’, ‘संपुष्टात आले’, ‘निरस्त झाले’ ही अकर्मक क्रियापदे एकटी वापरू नयेत. कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कलमान्वये आणि कोणती नोटीस देऊन तो हक्क संपवला हे त्याच वाक्यात यावे. निर्वारस ठरवण्यापूर्वीची नोटीस चावडीवर लावून थांबू नये. ती संकेतस्थळावर, गावाच्या आणि मयताच्या नावाने शोधता येईल अशी, कायम राहावी. आणि आपण जे बाहेरगावी आहात त्यांनी या वर्षी गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे जुन्या तलाठ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि फेरफार क्रमांक लिहून ठेवावा. राणीला जे कागद पुरले नाहीत ते आपल्याला पुरतील, कारण आज त्यांच्या मागे न्यायालय आहे. पण कागदच नसतील तर न्यायालय तरी काय करील?

भाषा लोकांची असते आणि लोक विसरत नाहीत. इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी एस्चीटरच्या हुद्द्यातून फसवणुकीचे क्रियापद घडवले. आमच्या फाइलींतली ‘व्यपगत’, ‘शासनजमा’, ‘निर्वारस’ ही क्रियापदे आणि विशेषणे पुढच्या शतकातली मराठी मुले कोणत्या अर्थाने वापरतील, हे आज त्या फाइलींवर सही करणाऱ्यांच्या हातात आहे.